भूत शीम ओलांडत नाही

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई फोंडा तालुक्यातल्या, बँकेत कर्जविभागात नोकरीला, मराठीतून कथा लिहिणाऱ्या. त्यांना बारा भागांची प्रेमकथा लिहायची आहे. नायिका जिवंत, नायक मेलेला, गाव गोव्यातले आणि छोटे. भूत कोणते घ्यावे, गाव खरे घ्यावे की कल्पित, संवाद कोंकणीत लिहावेत की मराठीत, आणि शेवटी या दोघांचे करायचे काय, असे त्यांनी विचारले आहे. सोबत पहिल्या भागाचा मसुदा धाडला आहे: पावसाळी रात्र, समुद्राकाठचा पडका पोर्तुगीज बंगला, आतून पियानोचे सूर. मी अशा कथा बरीच वर्षे लिहिते आहे, दिवाळी अंकांसाठी इतरांच्याही वाचते, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

पियानो आधी काढा. बंगलाही काढा. ते पर्यटकाच्या डोक्यातले गोवे आहे आणि पुण्या-मुंबईचा लेखक ते तुमच्याहून सफाईने लिहील. तुमच्या घरून लाटांचा आवाज येत नाही. तुमच्याकडे नारळ-पोफळींचे कुळागर आहे, चिऱ्यांचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, आहेत, मंगळुरी कौलांचे घर आहे, दुपारी एक ते चार बंद असणारा बाजार आहे. फोंडा, डिचोली, सत्तरी, सांगे हा मुलूख पोर्तुगिजांच्या हाती अठराव्या शतकात गेला, तिसवाडी-बार्देस-सासष्टीनंतर दोनशेहून जास्त वर्षांनी. त्यामुळे इकडे वाड्यावाड्यावर उत्सवाचे मांड, गाव राखणारा राखणदार, रोयणीतली म्हणजे वारुळातली सातेरी देवी असे सगळे जागच्या जागी राहिले. तुमच्या कथेचे भांडवल ते आहे.

आणि त्यातच तुमच्या कथेचा पेच आहे. परदेशी धाटणीच्या अशा कथांत अडचण असते ती नायकाच्या जातीची, म्हणजे तो रक्त पितो, पौर्णिमेला लांडगा होतो, त्याला मरण नाही, वगैरे. आपल्याकडे अडचण जागेची असते. राखणदार आपल्या शिमेचा, म्हणजे सीमेचा. गावची शीम संपली की त्याचा अंमल संपला, पुढे दुसऱ्याचा. पिंपळावरचा पिंपळावर, तळीतला तळीत. आपले भूत माणसाच्या मागे लागून मुंबईला जात नाही, गेलेच तर ते भूत उतरवणाऱ्या घाड्याच्या दृष्टीने वेगळे आणि वाईट प्रकरण असते. आता याच्या शेजारी तुमची नायिका ठेवा. तिच्या वयाची अर्धी आळी पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर १९६१ पूर्वी जन्मलेल्या आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेली आहे. घरे बंद आहेत, घरपट्टी कोणीतरी लांबचा चुलता भरतो. ज्या गावातून सगळे जिवंत लोक बाहेर पडताहेत, त्या गावाबाहेर ज्याला पाऊल टाकता येत नाही अशा माणसावर हिचे मन बसले आहे. बारा भाग याच्यावर सहज चालतील. तो मेलेला आहे ही त्या मानाने किरकोळ गोष्ट.

भूत कोणते, याचे उत्तर आधी नकारात देते.

देवचार घेऊ नका. शहरातली मंडळी त्याला सरसकट भुतात काढतात, पण गावात तो राखणदार आहे. त्याला रोट देतात, सोरो आणि विडी ठेवतात, नव्या कामाआधी गाऱ्हाणे घालतात. म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेची गर्दी पाहिली असेल तर हे मी सांगायला नको. खांद्यावर कांबळ, हातात दांडा आणि चूड घेतलेला तो म्हातारा नायकाच्या जागी बसवलात तर वाचक रागावेल आणि बरोबर रागावेल. त्याला वडीलधारा म्हणून मात्र जरूर ठेवा. शीम त्याची, तेव्हा परवानगीही त्याचीच. वेताळाचेही तेच. आमोण्याला, पैंगीणला त्याची पूजा होते, तो देव आहे.

मुंजा अजिबात नको. मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला मुलगा, म्हणजे पोर. त्याला पंचविशीच्या बाईचा प्रियकर करणे मला किळसवाणे वाटते, मग तो पिंपळावर शंभर वर्षे बसलेला का असेना. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. तिच्यावर चांगली कथा होईल, पण ती आधी आईची कथा होईल, प्रेमकथा नंतर, आणि त्या बाळाचे काय झाले हे तुम्हाला सांगावेच लागेल. कलावंतिणीचे भूत तर कृपा करून नको. देवळामागच्या घरातून ऐकू येणारे घुंगरू मी इतक्या हस्तलिखितांत ऐकले आहेत की विचारू नका. त्या बायकांच्या पणत्या शिकून, गाऊन, नोकऱ्या करून कुठल्या कुठे पोहोचल्या आहेत आणि तुमच्या वाचक आहेत. गोवा मुक्तीसाठी हुतात्मा झालेला सत्याग्रहीही नको, पत्रादेवीच्या स्मारकाशी खऱ्या घरांची दुःखे जोडलेली आहेत.

मग उरते काय? साधा मेलेला माणूस. त्याला लोककथेतले नाव नसले तरी चालते. गावात त्याला "तो" म्हणतील, सांजेला तेही म्हणणार नाहीत. एक नायक मी सुचवते, पटला तर घ्या. पाडेली. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, कुळागरात नारळ-सुपारी पाडणारा, तिथेच एका खोपीत राहणारा मुंडकाराचा, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा, मुलगा. १९६८ साली तिशीच्या आतच पोफळीवरून पडून मेला. मुंडकारांना घरातून हुसकावता येऊ नये म्हणून कायदा आला १९७५ साली. म्हणजे त्याला सात वर्षे कमी पडली. भुताची गोव्यातली अवस्था तशीही मुंडकारासारखीच आहे, राहायचा हक्क आहे पण जमिनीचा उतारा दुसऱ्याच्या नावावर. इथे तर ते अक्षरशः खरे होईल.

आणि नायिका? तुम्हीच. रागावू नका, तुमची नोकरी म्हणते मी. कर्जविभागात बसणाऱ्या बाईला गोव्याच्या जमिनीबद्दल जे कळते ते कादंबरीकाराला कळत नाही. कुळागर विकायला काढले आहे, प्लॉट पाडायचे आहेत, घेणाऱ्याच्या कर्जाची फाइल तुमच्या नायिकेच्या टेबलावर येते. ती जागा पाहायला जाते. तिथे एक माणूस पोफळींच्या आळ्यात पाणी वळवत असतो. तो तिला विचारतो, "कोणाली गो तूं?" एवढ्याने सुरुवात झाली. पाऊस, वीज, पियानो कशाचीच गरज पडली नाही.

वेळ मात्र दुपारची घ्या. आपल्याकडच्या आज्या मुलांना रात्रीपेक्षा भर दुपारी बाहेर सोडायला जास्त भ्यायच्या. बाजार मिटलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही, जेवून सगळे आडवे झालेले, कुळागरात हिरवा अंधार आणि वर ऊन. तीन तास गाव आपणहून डोळे मिटते आणि रोज मिटते. दोन माणसांना, त्यातले एक मेलेले असले तरी, भेटायला याहून सोयीची वेळ छोट्या गावात नाही. संध्याकाळी भेटवायचे म्हणाल तर दिवेलागणीला मिनीबसचा कंडक्टर, औषधाच्या दुकानातला मुलगा आणि देवळाच्या पायरीवरचे काका या तिघांनी तिला पाहिलेच पाहिजे. ते न पाहते तर ते गाव छोटे नव्हे.

गावाबद्दल आणखी एक. बहुतेक नवे लेखक सगळ्या गावाला भुताला घाबरवतात. खरे तर गाव घाबरत नाही, चौकशी करते. प्रेमात पडली म्हटल्यावर आई पहिल्यांदा विचारेल कोणाचा मुलगा, कुठल्या वाड्यावरचा, कुळदेव कोण. तो मेलेला आहे हे कळल्यावरही हे प्रश्न थांबणार नाहीत. नायिका त्याच भाटकाराची नात ठेवा. भाटकाराची नात आणि पाडेल्याचे भूत यात आईला आधी काय खटकेल हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलेत, तर त्या एका प्रसंगात विनोद आणि बोच दोन्ही येईल. ओरडून, भाषण देऊन लिहायचे नाही. आई फक्त म्हणेल, "मेल्लो आसा तें एक आसूं, पूण मुंडकाराचो?" आणि ताटात हुमण वाढेल.

आता रहस्य उघड कधी करावे. तुमच्या मसुद्यात पहिल्याच पानावर तो आरशात दिसत नाही. ही घाई झाली. वाचकाला संशय येऊ दे, नायिकेला येऊ नये, तिने सरळ बाईसारखे प्रेमात पडावे. त्याने तिला पोचवायला यावे आणि दर वेळी गडग्यापाशी, शिमेच्या धोंड्याशी थांबावे. "तूं फुडें वच." तिला तो लाजरा वाटतो. वाचकाला दुसऱ्या वेळी शंका येईल, तिसऱ्या वेळी कळेल.

आणि नायिकेला कळावे ते स्मशानात नव्हे, सिव्हिल रजिस्ट्रारच्या काउंटरवर. गोव्यात लग्न कायद्याने लागते ते तिथे. पहिली सही, मग मधले दिवस, मग दुसरी सही. मंगलाष्टके हवी तेवढी म्हणा, दुसऱ्या सहीशिवाय कागदोपत्री लग्न नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही पद्धत ठाऊक नसते, त्यामुळे त्याला नवल वाटते, आणि गोव्याच्या वाचकाला त्या कचेरीचा वास येतो. प्रसंग असा करून पाहा. तो ऑफिसात यायला तयार नाही, कारण ऑफिस शिमेपलीकडे तालुक्याला आहे. ती चिडून एकटीच जाते, निदान त्याचा जन्मदाखला तरी काढून ठेवू म्हणून. संगणकावर नाव सापडत नाही. कारकून वयस्कर आहे, पोर्तुगीज वाचणारा. तो आतून जाडजूड जुने बुक आणतो, पानावरून बोट फिरवतो.

"जल्म एकुणचाळीसचो. बापायचें नांव जुळटा, वाडो जुळटा."

"ना हो, तो तिसांक पावलो न्हय अजून."

कारकून दुसरे बुक काढतो. चष्मा वर करून तिच्याकडे बघतो. "हाचो मरणाचो दाखलो आसा हांगा, बाये. अडुसष्टाचो."

"दुसरो कोण तरी आसतलो."

"त्या वाड्यार ह्या नांवाचो दुसरो कोण ना गो. हांव थंयचोच."

मागून कोणीतरी म्हणते, लायन आसा, बेगीन करा. बस. इथे भाग संपवा. वारा सुटू नये, दिवे जाऊ नयेत. तिने फी भरावी, पावती घ्यावी, बाहेर येऊन भाजी-पाव मागवावा आणि तो तसाच ठेवून निघावे.

गोव्याचा वारसाहक्काचा कायदा तुमच्या कथेला फुकट मिळालेला सांगाडा आहे, तो वापरा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, स्थावर विकायचे तर दोघांच्या सह्या लागतात, आणि मुलांना पूर्ण बेदखल करता येत नाही, निम्मी इस्टेट त्यांच्यासाठी राखीव असते. म्हणून आपल्याकडची घरे बंद पडतात. भूत आहे म्हणून नव्हे, इन्व्हेंतारीत, म्हणजे वारसांमधल्या वाटणीच्या प्रकरणात, अकरा वारस आहेत आणि त्यातला एक लिस्बनला आहे म्हणून. बंद घराचे हे खरे कारण आधी सांगा आणि मग आत भूत ठेवा, वाचक डोळे झाकून विश्वास ठेवेल. कुळागर विकायला नायिकेचीही सही लागते असे ठेवलेत तर प्रेमाची परीक्षा आपोआप कागदावर येते. सही केली तर जेसीबी येणार, गडगा जाणार, पोफळी जाणार, म्हणजे तो जाणार. नाही केली तर सख्ख्या भावाचे घर अडते. खलनायक शोधत बसायला नको. कोणीही वाईट नाही आणि तरी प्रत्येकाला घाई आहे.

देवाला कौल लावण्याचा प्रसंग एकदाच, पण सावकाश लिहा. कथा-कादंबऱ्यांत देवळात नुसती घंटा वाजवतात, त्याने काही घडत नाही. प्रसाद लावण्यात घडते. आदल्या दिवशी भटाला सांगून ठेवलेले, सकाळचे ओले केस, गाभाऱ्यात गारवा. मूर्तीच्या अंगावर पाण्याने चिकटवलेल्या पाकळ्या, उजवीकडच्या आणि डावीकडच्या. भट तिच्या वतीने गाऱ्हाणे घालतो आणि थांबतो. सगळे थांबतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाणी सुकत जाते, पाकळीची कड उचलते, कोणी खाकरले तरी तिच्या पोटात गोळा येतो. आता लेखक म्हणून तुमच्यापुढे तीन वाटा आहेत आणि तिसरी सर्वांत चांगली: एकही पाकळी पडत नाही. भट म्हणतो, देव बोलत नाही, नंतर या. देवळाचे नाव कल्पित ठेवा. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे यांचे महाजन हयात आहेत, वाचणारे आहेत आणि पत्रे लिहिणारे आहेत.

याच कारणाने गावही अर्धे कल्पित असावे. तालुका खरा, बसचा मार्ग खरा, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार खरा, वाडा आणि घराणे तुमचे. खऱ्या उत्सवांतून घेण्यासारखे पुष्कळ आहे. साळ गावचा गड्यांचा उत्सव घ्या. होळीच्या दिवसांत रात्री गडे धावत डोंगरावर जातात, देवचार त्यांना नेतो-आणतो अशी श्रद्धा, अंधारात डोंगरावर चुडीचा उजेड दिसला की खाली जमलेली माणसे गप्प होतात. धालोच्या, म्हणजे बायकांच्या नाचगाण्याच्या, मांडावर शेवटच्या रात्री बायकांच्या अंगात रंभा येते. मात्र हे सजावटीला वापरू नका. अंगात येणाऱ्या बाईला वेडी किंवा ढोंगी ठरवायचे नाही आणि चमत्कार म्हणूनही मिरवायचे नाही. ती वर्षातले उरलेले दिवस भाजी विकते, तिचे गुडघे दुखतात, हेही लिहा.

झपाटणे आणि प्रेम यांची गल्लत मात्र होऊ देऊ नका. मराठी भूतकथेत भूत बाईचा ताबा घेते, तिचे डोळे पांढरे होतात, भगत झाडू मारतो. यातले काहीही प्रेमकथेत चालत नाही. जिच्या देहावर तिचा ताबा नाही ती प्रेम करूच शकत नाही. त्याने विचारावे आणि तिने हो म्हणावे, मग हात हातात येईल की नाही हे तुमच्या कथेचे नियम ठरवतील. माझ्या मते स्पर्श अगदीच नाही असे करू नये, वाचक सहाव्या भागात कंटाळतो. थोडा असावा आणि अटीवर असावा. शिमेच्या आत असावा, गडग्यावर हात ठेवला तर तो अर्धाच जाणवावा. वासाचाही चांगला उपयोग होतो. सुरंगी फुलते ती उन्हाळ्याच्या तोंडावर, पहाटे. ऐन भाद्रपदात तिच्या उशीला सुरंगीचा वास आला तर आईला विचारायची सोय नाही, कारण आईलाही आलेला असतो.

भाद्रपदाचा विषय निघालाच आहे तर म्हाळ, म्हणजे पितृपक्षातले श्राद्ध, विसरू नका. त्याच्या घरचे कोणी उरले असेल, पुतण्या म्हणू, तर तो दर वर्षी काकाचे पान बाहेर ठेवतो. कावळा शिवत नाही. जवळजवळ साठ वर्षे घरातली माणसे पानापुढे उभी राहून कबूल करत आली आहेत, तुझ्या आईला बघू, बहिणीचे लग्न करू, खोप मोडू देणार नाही. तरी कावळा येत नाही. या वर्षी आला, आणि चटकन आला. पुतण्याला आनंद, नायिकेला धस्स. इच्छा पुरी झालेला माणूस राहील कशाला? प्रेम जमले की तो जाणार, हा काटा परदेशी कथेत कुठून आणतील?

भाषेचे आता. निवेदन मराठीत ठेवा, संवादात कोंकणी येऊ दे, पण चवीपुरती. गो, रे, बाय, बाब, आवय, बापूय, वाक्याचा शेवट, एवढ्यानेही माणूस उभा राहतो. पूर्ण कोंकणी वाक्य तिथेच घाला जिथे प्रसंगावरून अर्थ आपोआप कळतो, आणि कंसात मराठी अर्थ द्यायचे नाहीत. सत्तरीचे बोलणे, पेडण्याचे बोलणे आणि फोंड्याच्या शिकल्यासवरल्या घरातले बोलणे वेगवेगळे आहे, सगळ्यांच्या तोंडी एकच घातलेत तर गोव्याचा वाचक दुसऱ्या पानावर पकडेल. जुन्या काळचा नायक शिकलेला असला तर तो बोलेल कोंकणीत आणि पत्र लिहील मराठीत, आपल्या आजोबांनी तसेच केले. आणखी मागचा घेतलात तर मोडीत लिहील. ते पत्र नायिकेला वाचता येणार नाही. तिला ते गावातल्या एखाद्या निवृत्त मास्तरांकडे न्यावे लागेल, आणि मास्तर चष्मा पुसून ते मोठ्याने वाचू लागतील, चुलीपाशी त्यांची बायको कान टवकारून. एखादे प्रेमपत्र इतके जाहीर कधी झाले नसेल. मला ही कल्पना स्वतःला वापरायची होती, पण घ्या.

शेवट. तुम्ही विचारले आहे की त्याला मुक्ती द्यावी की तिला मारावे. दुसरे तर नकोच. बाईने प्रेमासाठी विहीर गाठावी असे लिहिणारे आता कोणी राहिले नसावे असे मला वाटायचे, पण हस्तलिखिते अजून येतात. मुक्ती चालेल, फक्त तो भूतकथेचा शेवट आहे. तुम्ही प्रेमकथा म्हणून वाचकाला बोलावले आहे, त्याने बारा भाग वाट पाहिली आहे, त्याला ती दोघे एकत्र हवी आहेत. आणि गोव्याच्या इतिहासात त्याची सोय आहे. सोळाव्या शतकात सासष्टीतली देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून अंत्रुजात, म्हणजे तुमच्या फोंड्यात, आली. आपली आपण आली नाहीत. माणसांनी उचलून आणली, जुवारी ओलांडून. जागेला बांधलेल्याला जागा सोडता येत नाही हे खरे, पण कोणी उचलून नेले तर नेता येते, हे तुमच्या तालुक्यातल्या कितीतरी मोठ्या देवळांना ठाऊक आहे.

दुसरा दाखला सांगे तालुक्यातला, कुर्डीचा. मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. साळावली धरणात ते ऐंशीच्या दशकात बुडाले, माणसे वाडे आणि वालकिणीला वसवली. जुने महादेवाचे दगडी देऊळ दगड दगड सुटा करून दुसरीकडे उभारले. उरलेले गाव दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते, घरांची जोती, वृंदावने, वाटा दिसू लागतात, मे महिन्यात जुने गावकरी सोमेश्वराच्या उत्सवाला परत जमतात आणि पाऊस लागला की सगळे पुन्हा पाण्याखाली. जो नायक फक्त तेवढ्याच दिवसांपुरता वर येतो त्याच्यावर एक स्वतंत्र कथा होईल. तारीख पंचांगाने नव्हे, मृग नक्षत्राच्या ढगांनी ठरेल. पाडेल्यापेक्षा ही जास्त आवडली तर ती घ्या, पण दोन्ही एकत्र करू नका.

तेव्हा तुमच्या शेवटात सही होऊ द्या. कुळागर जाऊ द्या, भावाचे घर होऊ द्या. त्याआधी तिने गाऱ्हाणे घालावे, तेही राखणदारापुढे, आणि गावातल्या चार माणसांनी मागे "व्हय महाराजा" म्हणावे. त्यातला एक रजिस्ट्रार कचेरीतला कारकून असला तर मला आवडेल. मग खोपीच्या उंबऱ्याचा चिरा तिने काढावा. तो एकटीने निघत नाही, जड असतो, पहार लागते, पुतण्या हात देतो. रिक्षात घालून ती तो आपल्या भाड्याच्या खोलीवर आणते. घरमालकीण विचारते हे काय. ती म्हणते, उंबरा. कथा इथे संपवली तरी चालेल, किंवा पुढच्या सोमवारी, शिवराकाच्या, म्हणजे शाकाहाराच्या, दिवशी, आतून कोणीतरी तळलेल्या बांगड्याची आठवण काढावी आणि तिने ओरडावे की आज सोमार. पहिला शेवट दिवाळी अंकाला बरा, दुसरा मालिकेला.

बारा भागांचे गणित सोपे आहे. दाखल्याचा प्रसंग चौथ्याच्या शेवटी, कौल सातव्यात, म्हाळ नवव्यात, सही अकराव्यात. प्रतिलिपीसारख्या ठिकाणी वाचक मोबाइलवर वाचतो, तेव्हा भाग हजार-बाराशे शब्दांच्या पुढे नेऊ नका आणि दर भागाचा शेवट किंकाळीवर करू नका, तिसऱ्या किंकाळीनंतर कोणी दचकत नाही. पहिला भाग पुन्हा लिहून पाठवा. त्यात फाइल, कुळागर, दुपार आणि तो प्रश्न एवढेच असू दे. नायिकेच्या बँकेचे नाव घालू नका, तुमच्या मॅनेजरांनीही वाचायला हवी ना ती.